निवडणुकीच्या खटल्यावर मत बनवताना या चुका टाळा

मराठीत मतमोजणीचाही निकाल लागतो आणि खटल्याचाही. गल्लत बहुधा इथेच होते. कोण जिंकलं एवढं पाहून आपण न्यायाधीश बरोबर की चूक ते ठरवून टाकतो. आधी पाहायचं ते एवढंच, की न्यायालयापुढे नेमका प्रश्न कोणता होता?

इंदिरा गांधींची १९७१ ची रायबरेलीची लोकसभेवरची निवड घ्या. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी ती १२ जून १९७५ रोजी रद्द केली. बाई लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या होत्या. सरकारी अधिकाऱ्यांनी व्यासपीठं आणि लाउडस्पीकरची सोय केली म्हणून काय बिघडलं, असं अजूनही विचारलं जातं. पण आपल्या कायद्यात उमेदवाराचं भ्रष्ट आचरण सिद्ध झालं की निवड जाते, तिथे मताधिक्य पाहत नाहीत. निकालावर परिणाम झाला हे दाखवावं लागतं ते साध्या नियमभंगाच्या बाबतीत. हा कायदा फार कडक वाटत असेल तर कायद्याला बोल लावा. दुसरी चूक याच खटल्यात होते. ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने निवड वैध ठरवली, म्हणजे सिन्हा चुकले, असं समजू नका. मधल्या काळात संसदेने कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलला होता.

अमेरिकेत २००० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेला बुश विरुद्ध गोर खटला 'पाच विरुद्ध चार' या आकड्यात गुंडाळला जातो. मला तो आकडा अपुरा वाटतो. निर्णायक ठरलेल्या फ्लोरिडा राज्यात बुश ५३७ मतांनी पुढे होते. फेरमोजणीचे निकष जागोजागी वेगळे आहेत आणि त्यात घटनात्मक दोष आहे, हे नऊपैकी सात न्यायाधीशांना दिसलं. पाच-चार अशी फूट पडली ती पुढच्या प्रश्नावर: मोजणी थांबवायची, की निकष सुधारून पुन्हा करू द्यायची? मग कोणाची नेमणूक कोणी केली, हेही तपासाच. पण पूर्ण तपासा. बहुमतातले पाचही जण रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले होते, आणि विरोधातल्या चारांपैकी दोघेही. माझ्या मते १२ डिसेंबर २००० च्या त्या निकालपत्राची खरी दुबळी जागा वेगळी आहे. दोष सापडल्यावर तो दुरुस्त करायची संधी बहुमताने दिलीच नाही, वर आपला विचार याच प्रकरणापुरता मर्यादित असल्याचं लिहून ठेवलं. टीका करायची तर इथे करा.

निवड रद्द झाली म्हणजे हरलेला जिंकला, हाही गैरसमज. केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०१७ रोजी चार विरुद्ध दोन अशा मतांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक रद्द केली आणि साठ दिवसांत नव्याने मतदान घ्यायला सांगितलं. निकालाला आव्हान देणारे पराभूत उमेदवार ओडिंगा त्यातून बाहेर राहिले, आणि आधी विजयी घोषित झालेले राष्ट्राध्यक्ष केन्याट्टाच पुन्हा निवडून आले.

आणि थोडं थांबा. त्या निकालाची सविस्तर कारणं २० सप्टेंबरला वाचून दाखवली गेली. केन्याट्टांनी न्यायाधीशांवर जाहीर आगपाखड केली होती ती त्याच्या कितीतरी आधी.