लँडस्केपचे सारखेच फोटो: निवडताना आणि एडिट करताना या चुका टाळा

फोटो दाखवायला येणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "यातला कुठला चांगला?" दोन्ही फोटो एकाच डोंगराचे, एकाच सकाळचे, पाच-दहा मिनिटांच्या फरकाने काढलेले. बहुतेक वेळा त्यातल्या एकावर तासभर काम झालेलं असतं आणि दुसरा कॅमेऱ्यातून निघाला तसाच असतो. म्हणजे निर्णय आधीच झालेला असतो, फक्त माझी मान हलायची बाकी असते. मी मान हलवत नाही. एडिट काढून टाका, दोन्ही कच्चे फोटो शेजारी ठेवा आणि मग बोलू, असं सांगतो. यावर अनेकांचा चेहरा पडतो, पण इलाज नाही. तीच ती चूक वर्षानुवर्षं बघतोय, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

असमान फोटोंची तुलना

दोन फोटो शेजारी ठेवले की डोळा आधी उजळ फोटोकडे जातो. त्यानंतर ज्यात रंग जास्त आहेत त्याच्याकडे. रचना, म्हणजे कुठली वस्तू कुठे आहे आणि रिकामी जागा कुठे आहे, हे सगळ्यात शेवटी दिसतं. त्यामुळे एक फोटो अर्धा स्टॉप (उजेड दुप्पट झाला की एक स्टॉप) जरी उजळ असला तरी कमकुवत रचना जिंकून जाते, आणि आपण रचना पाहून निवडलं असं आपल्याला वाटत राहतं.

माझी सवय अशी. उमेदवार असलेल्या सगळ्या फ्रेम्सचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची ऊब-थंडी, एकच करतो आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, डोळ्यांना सारखं वाटेपर्यंत जुळवतो. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये 'मॅच टोटल एक्स्पोजर्स' आहे, ते वापरलं तरी चालतं. मग सगळ्या फ्रेम्स तात्पुरत्या ब्लॅक अँड व्हाइट करतो. रंग गेले की सूर्योदयाची भूल उतरते आणि उरतात फक्त गडद-उजळ आकार. त्यानंतर थंबनेल काडेपेटीएवढे लहान करतो. एवढ्या आकारात जी फ्रेम वाचता येते, म्हणजे डोंगर, पाणी आणि पुढचा दगड वेगवेगळे कळतात, ती पुढच्या फेरीत जाते. शेवटी दोन-दोन फ्रेम्स समोरासमोर लावतो. जी जिंकेल ती थांबते, हरलेली बाजूला होते. वीस फ्रेम्स एकदम पसरून त्यातून एक उचलायला गेलं की मन सगळ्यात भडक फ्रेमवरच जातं.

जागेवरच फोटो डिलीट करणं

या चुकीवर मी जास्त बोलणार आहे, कारण ती मी केली आहे आणि तिची भरपाई आजतागायत झालेली नाही.

एका तळ्याकाठी पहाटे अंधारात पोचलो होतो. काठावर एक मोठा काळा दगड, मध्ये शांत पाणी, पलीकडचा किनारा आणि त्यामागे डोंगराची रांग. सुरुवातीला ट्रायपॉड छातीच्या उंचीवर ठेवून चार फ्रेम्स घेतल्या. प्रकाश अजून निळसर, थंड होता. मग वाटलं, दगड आणखी भव्य दिसायला हवा, म्हणून ट्रायपॉड गुडघ्याइतका खाली आणला. तेवढ्यात आभाळ पेटलं. पुढची वीस मिनिटं मी खालूनच काढत राहिलो. एकूण सेहेचाळीस फ्रेम्स झाल्या. परतीच्या वाटेवर कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर चाळताना पहिल्या चार फिक्या वाटल्या. "हेच तर पुढे आणखी छान रंगात आहे," म्हणून त्या पुसून टाकल्या.

घरी येऊन एकतिसावी फ्रेम निवडली. दोन संध्याकाळी तिच्यावर घालवल्या. तीस इंची प्रिंट काढून भिंतीवर लावली. दोन दिवसांनी चहा घेत समोर बसलो असताना दिसलं की दगडाचा माथा पलीकडच्या किनाऱ्याच्या रेघेला नेमका चिकटलाय. दगड आणि किनारा यांच्यामध्ये पाण्याची फटच नाही. तो दगड आता तळ्याच्या या काठावर आहे की त्या, हे कळत नव्हतं. सगळी खोली त्या एका बिंदूत गाडली गेली होती. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

ज्या चार फ्रेम्स पुसल्या, त्यात ती फट होती, याची मला खात्री आहे. कारण साधं भूमितीचं आहे. कॅमेरा वर नेला की जवळची वस्तू चित्रात खाली सरकते, क्षितिज मात्र तिथेच राहतं, आणि मधली जमीन किंवा पाणी उलगडतं. कॅमेरा खाली आणला की मधला भाग चेपला जातो आणि पुढची वस्तू मागच्या रेषांमध्ये घुसते. तसंच डावी-उजवीकडे सरकलं की जवळचं झपाट्याने हलतं आणि लांबचं जवळपास स्थिर राहतं. झाडाचा शेंडा डोंगराच्या कडेला टेकत असेल तर अनेकदा दोन पावलं पुरतात. झूम केल्याने हे काहीच बदलत नाही. झूम फक्त चित्राची चौकट लहान-मोठी करतं, वस्तूंचं आपापसातलं नातं तेच राहतं. एडिटिंगमध्ये तर ही फट कुठूनच आणता येत नाही.

तेव्हापासून माझे तीन नियम आहेत आणि मी ते मोडत नाही. एक, मोठ्या पडद्यावर पाहिल्याशिवाय काहीही पुसायचं नाही. कार्ड भरलं तर दुसरं कार्ड घालायचं. दोन, प्रकाश चांगला होण्याआधी, अंधूक उजेडातच उंची आणि जागा ठरवायची: छातीपाशी, कमरेपाशी, गुडघ्यापाशी, आणि प्रत्येक उंचीवर डावी-उजवीकडे एकेक पाऊल. तीन, शटर दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवायची, आणि मग जिथे जिथे दोन आकार एकमेकांना टेकतात तिथे थांबायचं. एकतर स्पष्ट अंतर हवं, नाहीतर स्पष्ट एकावर एक. नुसतं टेकलेलं नको.

नवशिक्यांना हे सांगितलं की उत्तर येतं, "एवढा वेळ कुठे असतो?" वेळ असतो. सूर्य उगवण्याआधीचा अर्धा तास ते मोबाइलवर घालवतात.

चाळीस फ्रेम्स, पण एकच रचना

एका जागी ट्रायपॉड रोवून चाळीस वेळा शटर दाबलं, तर ती तुलना फक्त ढगांची होते. ढगांची तुलनाही महत्त्वाची आहे, पण ती दुसऱ्या फेरीत.

एक-तृतीयांशची जाळी

चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करायचे आणि महत्त्वाच्या गोष्टी त्या रेषांवर ठेवायच्या, हा नियम शोधला फोटोग्राफरांनी नाही. 1797 मध्ये जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज एनग्रेव्हरने (धातूवर चित्रं कोरणाऱ्याने) निसर्गचित्रांबद्दल तो लिहिला, आणि त्याचा रोख आभाळ व जमीन, उजेड व सावली यांचं प्रमाण समसमान असू नये यावर होता. आज लोक जाळीच्या छेदनबिंदूवर झाड बसवतात आणि काम झालं असं समजतात. दोन सारख्या फोटोंतला एक जाळीत बसतो म्हणून तो निवडू नका. पाण्यातलं प्रतिबिंबच विषय असेल तर क्षितिज खुशाल मधोमध ठेवा.

काही छोट्या चुका

क्षितिज कलतं राहिलं आणि नंतर सरळ केलं, तर फिरवताना कोपरे कापले जातात. कडेला थोडी जागा सोडूनच काढा.

सगळं लख्ख यावं म्हणून एफ 22 वर, म्हणजे लेन्सच्या अगदी बारीक छिद्रावर, जाऊ नका. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्या डिफ्रॅक्शनमुळे अख्खा फोटो मऊ पडतो. तीच फ्रेम एफ 11 वर काढा आणि दोन्ही शंभर टक्क्यांवर, म्हणजे पडद्यावर पूर्ण मोठे करून, पाहा.

पोलरायझर, म्हणजे आभाळ गडद करणारा लेन्सवरचा फिल्टर, सूर्यापासून नव्वद अंशांवरच्या आभाळावर सर्वाधिक चालतो. वाइड लेन्सवर त्यामुळे आभाळात एक गडद पट्टा येतो आणि तो एडिटमध्ये निस्तरणं फार त्रासाचं असतं.

वाऱ्याने हललेली पानं थंबनेलमध्ये दिसत नाहीत. विजेती फ्रेम ठरल्यावर ती शंभर टक्क्यांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहा, एडिट सुरू करण्याआधी.

क्रॉप करून रचना वाचवणं

"नंतर क्रॉप करू" हे मला सगळ्यात जास्त खटकणारं वाक्य आहे. चोवीस मेगापिक्सेलची फ्रेम 6000 बाय 4000 असते. दोन्ही बाजू दोन-तृतीयांश ठेवल्या की उरतात 4000 बाय 2667, म्हणजे साधारण 10.7 मेगापिक्सेल. निम्म्याहून अधिक फोटो गेला. 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) त्याची प्रिंट साधारण 13.3 इंच रुंद होते. क्रॉप कडेची फांदी काढायला आहे, रिकामं आभाळ कमी करायला आहे. चुकलेली उभी राहण्याची जागा क्रॉपने सुधारत नाही.

सगळ्या सावल्या उघडणं

शॅडो स्लायडर पूर्ण उजवीकडे, हायलाइट पूर्ण डावीकडे. नव्या हातांचं एडिट मी दुरूनच ओळखतो. डोंगराच्या प्रत्येक घळीत उजेड, प्रत्येक ढगात तपशील, आणि नजरेला टेकायला जागा नाही.

इथे ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन लँडस्केप फोटोग्राफरच्या एका फोटोची गोष्ट आठवते. 1 नोव्हेंबर 1941 च्या संध्याकाळी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर चंद्र उगवला होता आणि मावळतीचा उजेड दफनभूमीतल्या क्रूसांवर पडला होता. त्याला लाइट मीटर सापडेना. चंद्राची उजळता त्याला पाठ होती, तिच्यावरून त्याने एक्स्पोजर काढलं. दुसऱ्या फ्रेमसाठी फिल्मचा होल्डर उलटा करेपर्यंत क्रूसांवरचा उजेड गेला. हातात एकच निगेटिव्ह राहिली. पण त्या एकाच निगेटिव्हच्या सुरुवातीच्या प्रिंट्स आणि नंतरच्या प्रिंट्स शेजारी ठेवून पाहा. सुरुवातीच्या प्रिंट्समध्ये आभाळात पुसट ढग दिसतात, नंतरच्यात आभाळ जवळजवळ काळं झालंय. तपशील हातात असूनही त्याने तो झाकला, कारण त्याला चंद्र आणि क्रूस हवे होते.

म्हणून मी एडिट सुरू करण्याआधी कागदावर एक वाक्य लिहितो: या फोटोत कुठे पाहायचं आहे. मग तिथलं सोडून बाकीचं थोडं गडद करतो. एकाच फ्रेमच्या तीन व्हर्च्युअल कॉपी (मूळ फाइल तीच, एडिट वेगळं) करतो: एक संयत, एक गडद, एक उजळ. तिन्ही संपूर्ण होईपर्यंत कुठलीच पुसत नाही. ही तुलना न्याय्य असते, कारण रचना तीच आहे आणि फरक फक्त माझ्या निर्णयाचा आहे.

थकलेल्या डोळ्यांनी रंग ठरवणं

एका शिकणाऱ्या मुलाने संध्याकाळचा एक सुंदर फोटो आणला होता. तीन तास बसून त्याने तो केशरी-जांभळा करून टाकला होता. मी काहीच म्हटलं नाही. फाइल बंद करायला लावली आणि सकाळी नाश्त्याआधी उघड, असं सांगितलं. सकाळी त्याचा मेसेज आला की सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) निम्म्यावर आणलंय. दुपारी पुन्हा आला: क्लॅरिटी आणि डीहेझ (उठाव वाढवणारे आणि धुरकटपणा घालवणारे स्लायडर) हेही उतरवलंय.

यात त्याचा दोष नव्हता. डोळा समोरच्या रंगाला सरावतो. दहा मिनिटांपूर्वी भडक वाटलेलं आता नेहमीचं वाटतं, मग आपण आणखी थोडं वाढवतो. आणि 'आधी-नंतर'चं बटण इथे फसवतं, कारण कच्च्या रॉ फाइलशेजारी काहीही जिवंतच दिसतं. मी नवं एडिट कच्च्या फोटोशी ताडून पाहत नाही. माझ्या एका जुन्या, वर्षभर डोळ्यांना पटलेल्या प्रिंटशेजारी पाहतो. शिवाय प्रत्येक वीस मिनिटांनी उठतो, खिडकीबाहेर पाहतो. हे सांगितल्यावर लोकांना वेळ वाया गेल्यासारखा वाटतो आणि ते एखादा विकतचा प्रीसेट, म्हणजे तयार एडिट, लावून मोकळे होतात. तो प्रीसेट दुसऱ्या कुणाच्या तरी उजेडासाठी बनवलेला असतो.

पडद्याचंही तेच. लॅपटॉपची ब्राइटनेस पूर्ण ठेवून एडिट केलं की प्रिंट काळी येते आणि लोक लॅबशी भांडतात. प्रिंटसाठी पडद्याची चमक साधारण 100 ते 120 कँडेला (उजळपणाचं एकक) प्रति चौरस मीटरवर ठेवा. मोजायचं यंत्र नसेल तर पांढरा कागद पडद्याशेजारी धरा. पडदा दिव्यासारखा चमकत असेल तर तो कमी करा.

नाकारलेल्या फ्रेम्स पुन्हा न उघडणं

हरलेल्या फ्रेम्स मी सहा महिने वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि मग एकदा पाहतो. त्या सकाळची थंडी, चढ, आनंद हे सगळं तोवर विरलेलं असतं आणि फोटो फोटोसारखा दिसतो. दोनदा निकाल उलटला आहे.

त्या तळ्यावर मी नंतर तीन वेळा गेलो. छातीच्या उंचीवरून फट मिळते, पण पाण्याची पातळी दर वेळी निराळी असते आणि दगडाचा आकारही तिच्याबरोबर बदलतो. मागच्या वेळी तो जवळजवळ बुडालेला होता. ती प्रिंट मी भिंतीवरून काढली आहे आणि खिळा तसाच ठेवला आहे.