राउटरच्या फ्लॅश चिपमधून फर्मवेअर वाचून घेताना

अपडेट अर्धवट राहून राउटर मेला, की फर्मवेअरची, म्हणजे राउटर चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरची, प्रत कुठे मिळेल याची शोधाशोध सुरू होते. ती आधीच काढून ठेवा. स्वतःचा राउटर, सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप संगणकाला जोडून वाचणारं छोटं उपकरण), आठ पायांची क्लिप आणि फ्लॅशरॉम (चिप वाचणारं सॉफ्टवेअर) हाताशी आहे असं धरतो.

फर्मवेअर साठवणारी फ्लॅश चिप, म्हणजे कंपनीच्या अक्षरांनंतर नंबर २५ने सुरू होणारी आठ पायांची चिप, बोर्डावर शोधा आणि तिच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) व्होल्टेज बघा. १.८ व्होल्टची असेल तर लेव्हल शिफ्टर (व्होल्टेज जुळवून देणारा सर्किटचा तुकडा) हवाच. काळ्या रंगाच्या स्वस्त प्रोग्रामरमध्ये बरेचदा चिपला पुरवठा ३.३ व्होल्टचा मिळतो, पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. आधी मल्टिमीटरने मोजा. ५ दिसले तर तो प्रोग्रामर वापरू नका.

चिपवरच्या टिंबाजवळचा पाय पहिला, क्लिपची लाल तार तिकडे.

आता खरी डोकेदुखी. चिप सापडत नाही, किंवा सापडते पण दर वेळी वेगळीच फाइल येते. ‘क्लिप घट्ट दाबा, पुन्हा वाचा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि यात तो बहुतेकदा कुचकामी ठरतो. क्लिपमधून आठव्या पायाला दिलेली वीज त्याच ट्रॅकवरून सगळ्या बोर्डात पसरते. प्रोसेसर अर्धवट जागा होतो आणि बूट होण्यासाठी त्याच चिपशी बोलू लागतो. एकाच बसवर, म्हणजे डेटाच्या त्याच तारांवर, प्रोसेसर आणि प्रोग्रामर दोघे बोलले, की वाचलेला डेटा बिघडणारच. वीज कमी पडते म्हणून राउटरचा अडॅप्टर सोबत लावायला सांगणाऱ्यांचं तर अजिबात ऐकू नका. दोन पुरवठे एकमेकांवर आदळतात.

प्रोसेसरची रिसेट लाइन (त्याला थांबवून ठेवणारी तार) ठाऊक असेल तर ती ग्राउंडला धरून वाचा. नसेल तर फ्लक्स लावून हॉट एअरने चिप सरळ काढा. वीज बोर्डात जाऊ नये म्हणून नुसता आठवा पाय बोर्डावरून उचलायची युक्ती मला पटत नाही. तो मुळाशी तुटला तर चिपच गेली.

दोनदा वाचा, मध्ये क्लिप काढून पुन्हा लावा, मग दोन्ही फाइलींचे शा-२५६ (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) जुळवा. जुळले म्हणून लगेच विश्वास ठेवू नका: काहीच वाचलं गेलं नाही तरी दोन्ही फाइली एफएफने (रिकाम्या बाइटने) भरलेल्या आणि तंतोतंत सारख्या निघतात. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडून बघा. २५क्यू६४ ही ६४ मेगाबिटची चिप, म्हणजे फाइल बरोबर ८३,८८,६०८ बाइटचीच हवी.

फाइलच्या नावात मॉडेल आणि त्या राउटरचा सिरियल नंबर घाला. मॅक पत्ता (राउटरचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) आणि वायफायचं कॅलिब्रेशन (त्या राउटरसाठी केलेली जुळणी) बहुधा याच चिपमध्ये असतं, त्यामुळे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या राउटरची प्रत जशीच्या तशी चालत नाही.