सिंहगडाच्या चढावर तुटलेली चेन

गोळेवाडीचा नाका ओलांडून दोन-अडीच किलोमीटर चढलो असेन. उभं राहून जोरात पेडल मारत होतो आणि त्याच जोरात गिअर बदलला. खाड्कन आवाज झाला, पाय रिकामा फिरला. चेन मागे रस्त्यावर पडलेली.

आधी सायकल कडेला घेतली आणि तुटलेलं टोक नीट पाहिलं. बाहेरची एक पट्टी पिनेवरून निसटून वाकली होती. अशी कडी ठोकून सरळ करायच्या फंदात पडू नका, ती पुढच्या चढाला पुन्हा सुटते. चेन टूलने पिन ढकलून ती वाकडी कडी मी काढूनच टाकली. आता दोन्ही टोकांना आतल्या कड्या उरल्या. चेन मागच्या डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाच्या, दोन छोट्या चाकांतून ओवली (इथं घाई केली की हमखास चुकतं), टोकं ताणून धरायला तारेचा आकडा लावला आणि क्विक लिंक, म्हणजे पिन न ठोकता जोडता येणारी सुटी कडी, बसवली. लिंक वरच्या बाजूला आणून मागचा ब्रेक दाबला, पेडलवर वजन टाकलं. टक्! बसली.

क्विक लिंक मात्र तुमच्या चेनचीच हवी. माझी नऊ स्पीडची, म्हणजे मागे नऊ चकत्या असलेल्या सायकलची आहे. लिंक नसेल तर एक इंच चेन कमी करून पिनेनं जोडता येते, पण मग पुढची मोठी चकती आणि मागची मोठी चकती एकत्र लावू नका, डिरेलर मोडेल.

वीस मिनिटांत पुन्हा चढायला लागलो.