दूध सोसत नाही? दही खाऊन बघा

दूध प्यायलं की पोट गुबारतं, गुडगुडतं, कधी जुलाब होतात? दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं लॅक्टेज हे विकर बऱ्याच जणांत लहानपणानंतर कमी होत जातं. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि गॅस धरतो.

पण एवढ्यावरून दूधदुभतं पार बंद करू नका, कॅल्शियम हातचं जाईल. विरजणातले जिवाणू थोडं लॅक्टोज आधीच संपवतात, शिवाय त्यांचं विकर आतड्यातही कामी येतं. जेवणासोबत अर्धी वाटी दही घेऊन बघा. कढीत मात्र विकराचा हा फायदा नाही. उकळल्यावर विकर निकामी होतं. वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.