आपत्तीनंतरची तात्पुरती वस्ती: जागा, निवारा आणि स्थलांतर

तात्पुरत्या वस्तीचं नियोजन बहुधा सहा महिन्यांचं होतं आणि लोक तिथं दोन-दोन, तीन-तीन वर्षं राहतात. जमिनीचे कागद, मंजुऱ्या, पैसे, साहित्य, गवंडी यांतलं एक काही अडलं आणि मध्ये एक पावसाळा गेला, की पक्क्या घरांचं वेळापत्रक कोलमडतं. म्हणून पहिल्या दिवसापासून किमान दोन वर्षांचा हिशेब धरा. त्या हिशेबात निर्णयांचा क्रम असा: आधी जमीन, मग पाण्याचा निचरा, मग शेजार, आणि सगळ्यात शेवटी भिंती व छप्पर. प्रत्यक्षात पत्रे आधी खरेदी होतात, कारण पत्रे फोटोत दिसतात. चर दिसत नाहीत. पुढं बदलता न येणाऱ्या गोष्टी मात्र जमीन आणि चर याच असतात. छप्पर केव्हाही बदलता येतं.

छावणी टाळता येते का, हे आधी पाहा

घराला तडे गेलेत पण जमीन सुरक्षित आहे, अशा कुटुंबाला साहित्य देऊन त्याच्याच जागेवर निवारा उभारू देणं सगळ्यात सोपं. ते कुटुंब आपल्या सामानाजवळ, कामाजवळ राहतं आणि ढिगाराही स्वतःच उपसतं. त्यानंतर नातेवाइकांकडे राहण्याचा पर्याय; मात्र यजमान कुटुंबालाही धान्य, पाण्याचा खर्च आणि अंथरुणं द्या, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत संबंध ताणले जातात. तिसरा पर्याय भाड्याच्या घराचा. यात भाडे एकदम वाढण्याचा धोका असतो, म्हणून करार लेखी आणि रक्कम ठरलेली हवी. शाळा किंवा सभागृहात लोकांना ठेवलं तर रिकामं करण्याची तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करा. शाळा बंद राहिली की नुकसान आसपासच्या सगळ्या मुलांचं होतं.

छावणी या सगळ्यांनंतर. भूस्खलनाचा उतार, नदीचं पात्र, दूषित जमीन अशी कारणं असतील, तर मात्र आहे त्या जागी दुरुस्तीचा हट्ट धरू नका.

जमीन

मदतकार्यात जगभर वापरली जाणारी स्फिअर मानकं माणशी ४५ चौरस मीटर जागा सांगतात. त्यात रस्ते, शौचालयं, मोकळी जागा, परसबाग असं सगळं येतं. शाळा, दवाखाना, सभेची जागा अशा सोयी वस्तीबाहेर मिळणार असतील तर ३० चौरस मीटरवर भागतं. ५०० लोकांसाठी म्हणजे २२,५०० चौरस मीटर, साधारण साडेपाच एकर. “दोन एकरात बसवू” असं कुणी म्हणालं तर माणशी सोळाच चौरस मीटर येतात. आग आणि साथीचे आजार, दोन्ही त्या दाटीतून येतात.

जमीन १ ते ५ टक्के उताराची असावी. म्हणजे १०० मीटर चालल्यावर १ ते ५ मीटर उतरण. अगदी सपाट जागा बघायला चांगली वाटते, पण तिथं पाणी साचतं. उतार जास्त असेल तर मातीची धूप होते आणि जोत्यांचं काम वाढतं. जागा पाहायला जाताना फावडं सोबत घ्या आणि दीड-दोन मीटर खड्डा खणून रात्रभर तसाच ठेवा. सकाळी त्यात पाणी दिसलं तर शौचालयाचे साधे खड्डे तिथं चालणार नाहीत. झाडांच्या बुंध्यांवर, कुंपणावर पुराच्या खुणा शोधा. पाणी कुठवर येतं, हे शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा. टँकर आणि रुग्णवाहिका पावसातही आत येऊ शकेल असा रस्ता नसेल, तर जागा कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या.

मालकाशी लेखी करार करा. मुदत, भाडं, मुदतवाढीची अट, विहिरीचं पाणी कुणाचं, झाडं तोडायची की नाही, जमीन परत देताना तिची स्थिती कशी असेल आणि तो खर्च कोण करणार, हे सगळं त्यात हवं. शेवटचा मुद्दा हमखास राहतो आणि वाद तिथूनच सुरू होतो.

आखणी

खुंट्या, दोरी आणि फक्की घेऊन आधी पाण्याच्या वाटा आखा, मग रस्ते, मग शौचालयं आणि नळ, आणि उरलेल्या जागेत घरं. सरळ रांगा आखायला सोप्या असतात, पण राहायला वाईट. सोळा-सोळा कुटुंबांचे, म्हणजे सुमारे ८० माणसांचे गट करा आणि दारं मधल्या अंगणाकडे उघडू द्या. लहान मुलांवर चार डोळे राहतात, परका माणूस लगेच लक्षात येतो, नळ-शौचालयाची देखभाल कुणाकडे हेही ठरवता येतं.

दोन निवाऱ्यांमध्ये किमान २ मीटर अंतर ठेवा. जमलं तर निवाऱ्याच्या उंचीच्या दुप्पट. वस्ती मोठी असेल तर दर ३०० मीटरला ३० मीटर रुंदीचा मोकळा पट्टा आगीसाठी राखावा लागतो. या पट्ट्यात दुकानं, लाकडं, वाहनं हळूहळू शिरतात. ती पहिल्या आठवड्यातच हटवली नाहीत तर पट्टा कागदावरच उरतो.

पाणी आणि शौचालयं

माणशी दिवसाला १५ लिटर हे किमान. ५०० लोकांना ७,५०० लिटर लागतात, म्हणजे ५,००० लिटरच्या टँकरच्या दोन खेपा. एखाद्या दिवशी टँकर येणार नाही हे गृहीत धरून दोन दिवसांचं, १५,००० लिटरचं साठवण ठेवा. २५० लोकांमागे एक नळ ही किमान मर्यादा. पाणी ठरावीक वेळीच सोडणार असाल तर दर गटाला दोन नळ द्या. नळ कुठल्याही घरापासून ५०० मीटरच्या आत हवा आणि रांगेत अर्ध्या तासाहून जास्त थांबावं लागू नये.

टाकीत क्लोरीन टाकल्यावर अर्धा तास थांबून नळाशी तपासा. मोकळं (पाण्यात शिल्लक राहिलेलं) क्लोरीन लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम हवं. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्च होतं, म्हणून आधी पाणी निवळून घ्या. नळावर पाणी शुद्ध आणि घरात दूषित, हा अनुभव नेहमीचा. कारण उघडी बादली आणि तिच्यात बुडणारे हात. प्रत्येक कुटुंबाला १० ते २० लिटरची, अरुंद तोंडाची, झाकणाची दोन भांडी द्या: एक आणायला, एक साठवायला.

शौचालयं पहिल्या दिवसांत ५० जणांमागे एक चालतात. लवकरात लवकर २० जणांमागे एक करा. ५०० लोकांना २५. ती सार्वजनिक असतील तर वाटणी बायकांसाठी तीन आणि पुरुषांसाठी एक या प्रमाणात हवी. घरापासून ५० मीटरच्या आत, पण विहीर-बोअरवेलपासून ३० मीटर दूर. खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या भूजलपातळीच्या किमान दीड मीटर वर राहिला पाहिजे. खड्डा किती मोठा, याचा अंदाज असा: घन भाग माणशी वर्षाला ४० ते ६० लिटर साठतो. वीस जणांना वर्षभरासाठी सुमारे एक घनमीटर लागतो, आणि वरचा अर्धा मीटर रिकामा सोडायचा असतो. म्हणून एक मीटर लांब-रुंद खड्डा दोन मीटर खोल घेतला तर वर्ष निघतं. माती भुसभुशीत असेल तर खड्ड्याच्या वरच्या भागाला अस्तर द्या.

सार्वजनिक शौचालय कुणाचंच नसतं. चार कुटुंबांना मिळून एक आणि त्याला कुलूप, किल्ल्या त्याच कुटुंबांकडे, ही व्यवस्था जास्त टिकते. आतून कडी, वाटेवर दिवा, हात धुवायला पाणी आणि पाळीच्या कपड्यांसाठी झाकणाचा डबा, यांतलं एक जरी नसलं तरी बायका अंधार पडायची वाट पाहतात किंवा पाणी पिणं कमी करतात.

निवारा उभारणे

माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा धरा. थंड हवेत, किंवा स्वयंपाक-अंघोळ आतच होणार असेल, तर साडेचार ते साडेपाच. पाच माणसांना साडेसतरा चौरस मीटर, म्हणजे ३ × ६ मीटरची खोली. ४ × ६ मीटरच्या दोन ताडपत्र्यांत ती नेमकी बसते.

एक ताडपत्री आढ्यावरून दोन्हीकडे सोडा. प्रत्येक बाजूला २ मीटरचं पाखं पडतं आणि ३० अंशांच्या उतारावर वळचण भिंतीबाहेर सुमारे २० सेंटिमीटर येते. दुसरी ताडपत्री लांबीत कापली की २ × ६ मीटरच्या दोन पट्ट्या होतात. त्या दोन लांब भिंतींना लावा. तळाचे २० सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला वळवून मातीत दाबा. आखूड भिंतींना चटई, फळ्या किंवा पडलेल्या घरातून निघालेलं साहित्य चालतं. त्या भिंतींच्या वरच्या त्रिकोणात समोरासमोर झरोके ठेवा, नाहीतर दुपारी आत थांबवत नाही.

सांगाड्याला लागतं: आढ्याचे ३ खांब (३.३ मीटर), बाजूचे १० खांब (२.४ मीटर, दीड-दीड मीटरवर), ६ मीटरचे तीन आडवे बांबू, २ मीटरचे १० वासे, आणि प्रत्येक कोपऱ्यात दोन्ही दिशांना तिरपे टेके, एकूण ८. खांब ६० सेंटिमीटर पुरा. पुरायच्या टोकाला डांबर लावा, तळाशी दगड बसवा आणि माती १५-१५ सेंटिमीटरच्या थरांत ठोकत भरा. तिरपे टेके वाचवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. वाऱ्यात निवारा उडण्याआधी कलतो, आणि तो कलतो टेके नसल्यामुळे.

जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान १५ सेंटिमीटर उंच, पाणी येणाऱ्या भागात ३० तरी. भोवती १५-२० सेंटिमीटर खोलीचा चर खणून तो मुख्य चराला जोडा. तोंड नसलेला गोल चर म्हणजे डासांची पैदास.

ताडपत्री फक्त तिच्या भोकांतून दोरी ओवून बांधली तर पहिल्या वादळात भोकंच फाटतात. कडेला लाकडी पट्टी धरून पट्टीसकट खिळे मारा, किंवा कडेत गोल खडा गुंडाळून त्याच्यामागे दोरी आवळा. बांबूच्या टोकांना जुन्या टायरची ट्यूब गुंडाळा. ताडपत्री सैल राहिली की पाण्याची पिशवी होते आणि वाऱ्यात फडफडून घासली जाते. बांबूत थेट खिळा ठोकला की तो चिरतो. आधी भोक पाडा किंवा तारेनं बांधा. ओला बांबू सुकताना आकसतो, त्यामुळे दोन आठवड्यांनी सगळ्या गाठी पुन्हा आवळाव्या लागतात. हे काम कुणाचं, ते आधीच ठरवून ठेवा.

ताडपत्री उन्हानं वर्षभरात कडक होऊन फाटू लागते, तेव्हा याच सांगाड्यावर पत्रे चढवता येतात. बाजूने दीड-दोन पन्हळ आणि खाली-वर १५ ते २० सेंटिमीटर पत्रा पत्र्यावर यावा. खिळा पन्हळीच्या माथ्यावर, रबरी वॉशर घालून. वळचण, आढं आणि कडा या जागी खिळे दाट मारा, कारण वारा पत्रा तिथूनच उचलतो. उष्ण प्रदेशात पत्र्यावर हातभर अंतर ठेवून चटई किंवा जाळीचं दुसरं छप्पर घाला. थंडीत उलट: अंगातली ऊब जमीन ओढून घेते, त्यामुळे जास्तीची घोंगडी अंगावर घेण्यापेक्षा खाली अंथरलेली बरी. बंद निवाऱ्यात कोळशाची शेगडी पेटवू देऊ नका. तिचा विषारी वायू झोपेतच जीव घेतो.

घरांचं वाटप

यादी कुटुंबनिहाय करा, घरनिहाय नको. एका घरात तीन चुली असतील तर तीन कुटुंबं. भाडेकरू आणि कागद वाहून गेलेले लोक यादीतून हमखास निसटतात. नाव नवरा-बायको दोघांचं लिहा. यादी भिंतीवर लावून हरकतींना तीन दिवस द्या, आणि मगच वाटप करा.

सोडतीनं वाटप निष्पक्ष दिसतं, पण शेजार मोडतं. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर जपानमध्ये बरीचशी तात्पुरती घरं सोडतीनं दिली गेली, वृद्धांना प्राधान्य देऊन. अनोळखी लोकांत एकटे पडलेले म्हातारे घरातच मरण पावल्याचं उशिरा कळण्याचे प्रकार घडले. २००४ मध्ये निगाता भागातल्या भूकंपानंतर तिथं गावंच्या गावं एकत्र हलवण्यावर भर दिला गेला. म्हणून आधी गल्ली किंवा पाडा पूर्ण एका गटात बसवा आणि सोडत काढायचीच असेल तर गटाच्या आत काढा. वृद्ध, अपंग, गरोदर बाई असलेल्या घरांना त्यांच्याच गटातलं नळ-शौचालयाजवळचं घर द्या. चाकाच्या खुर्चीसाठी दार ९० सेंटिमीटर रुंद हवं, आणि चढाव एक फूट उंचीला बारा फूट लांब.

हलवण्याचा दिवस

पाणी आणि शौचालयं सुरू झाल्याशिवाय एकाही कुटुंबाला हलवू नका. हा नियम दबावाखाली सगळ्यात आधी मोडतो, आणि त्याची किंमत जुलाबाच्या साथीनं मोजावी लागते. त्याआधी प्रत्येक गटातून एक बाई आणि एक पुरुष असे दोघं जागा पाहून येऊ द्या. रोजगार, शाळा, बाजार किती लांब, हे तेच विचारतील. पूर्ण गट एकाच दिवशी, सकाळी लवकर हलवा, म्हणजे उजेडात अंथरुणं पडतात. जुन्या घराचे दरवाजे, चौकटी, वासे, पत्रे यांवर रंगानं कुटुंबाची खूण घालून ते मालकासोबतच पाठवा. जनावरांचा गोठा वस्तीबाहेर, वारा वस्तीकडे येणार नाही अशा बाजूला आणि पाण्यापासून दूर. जनावरांची सोय नसली तर घरातला एक माणूस धोक्याच्या जागी मागं राहतो.

राहताना आणि निघताना

पावसाळ्याआधी चर उपसा, दोऱ्या आणि टेके तपासा, फाटलेल्या ताडपत्र्या बदला. उघड्या तारा ताडपत्रीवरून नेऊ नका. प्रत्येक गटाला स्वतंत्र स्विच आणि गळती-रोधक (वीज गळू लागताच ती तोडणारं उपकरण) बसवा.

नव्या घराला पाणी, वीज आणि शौचालय नसताना लोकांना “घर तयार आहे” म्हणून वस्तीतून काढू नका. ते परत येतात किंवा दोन्हीकडे अडकतात. निवाऱ्याचे पत्रे, लाकूड लोकांना सोबत नेऊ द्या, नव्या घराची पडवी किंवा गोठा त्यातून उभा राहतो. शौचालयाचा खड्डा अर्धा मीटर रिकामा उरला की तो बंद करायचा; माती ठोकून भरा आणि वर थोडा उंचवटा सोडा, कारण ती पुढं खचते. बंद केलेल्या सगळ्या खड्ड्यांचा नकाशा काढून जमीन परत देताना मालकाच्या हातात द्या. नांगरणीचा ट्रॅक्टर कुठून न्यायचा नाही, हे त्याला माहीत असायला हवं.