रानातली एल्डरबेरी आणताय? या चुका टाळा

काळं दिसलं, तोडलं, पिशवीत टाकलं. नव्या मंडळींचा घोळ इथेच सुरू होतो. एल्डरबेरी म्हणजे एका रानझुडपाची बारीक काळी फळं, शिजवून सरबत करतात ती.

ओळखीतला एकजण असाच भरली पिशवी घेऊन दारात उभा राहिला. मोबाइलने ‘एल्डरबेरी’ सांगितलं होतं म्हणे. उघडून बघते तर लांबट घोस, वाटाण्याएवढी किंचित चपटी फळं, दांडा गुळगुळीत नि गडद गुलाबी. पोकवीड! हे वेगळंच रानझाड, मुळापासून विषारी. विचारलं, पानं कशी होती? पानं त्याने पाहिलीच नव्हती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

मी फळाकडे सगळ्यात शेवटी बघते. आधी खोड: लाकडी, सालीवर बारीक पुळ्यांसारखे उंचवटे. मग पानं: एका दांडीवर बहुधा पाच ते नऊ दातेरी पानं, आणि दांड्या फांदीवर समोरासमोर. फांदी मोडली की आत भेंडासारखा मऊ गाभा. हे सगळं जुळलं तरच झुपका बघायचा: पसरट छत्रीसारखा, पिकल्यावर खाली झुकलेला, फळ मिरीएवढं. फुलं तोडणाऱ्यांनी जास्त जपावं. ओलसर जागी वाढणाऱ्या वॉटर हेमलॉकलाही पांढरी छत्री येते, आणि ते जीव घेतं. त्याचं खोड लाकडी नसतं.

एल्डरबेरीची लाल फळांची जात मी आणतच नाही.

दुसरी चूक कच्च्या रसाची. ‘मिक्सरमधून फिरवलं की झालं’ म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, 1983 सालची गोष्ट सांगते. कॅलिफोर्नियात एका मेळाव्यासाठी रानातली फळं पानाफांद्यांसकट चिरडून रस काढला. पिणाऱ्यांपैकी 11 जणांना पाव तासात मळमळ, उलट्या. 8 जणांना हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावं लागलं. पानं, देठ, कच्ची फळं, बिया यांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात.

सरबताची माझी पद्धत: झुपके रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचे, सकाळी गोठलेली फळं बोटांनी झाडून घ्यायची. पाण्यात टाकली की हिरवी फळं आणि कचरा वर तरंगतो, तो काढायचा. मग झाकण न ठेवता निदान 20 मिनिटं उकळून फडक्यातून गाळायचं. देठ राहिले तर भांड्याला हिरवट चिकटा बसतो. साबणाला दाद देत नाही, आधी तेल चोळा.

सरबताची बाटली फ्रिजमध्येच ठेवा, कपाटात नको. मध घातलेलं वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नका. आणि तोडायला पांढरा शर्ट घालून जाणाऱ्यांना मी काही सांगत नाही, डाग सांगतात.