गुणांची फाइल उघडलीत? मग या चुका टाळा

संकलित चाचणी झाली की आठवडाभरात माझ्या फोनवर एक्सेलच्या फायली यायला लागतात. "मॅडम, आलेख नीट येत नाही, जरा बघून द्या ना." आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शाळांना ठाऊक आहे की मला या कामाची आवड आहे, आणि मी बघतेही. पण वर्षानुवर्षं त्याच चुका दुरुस्त करून आता खरंच थकायला झालंय. आलेखात बहुतेक वेळा काही चुकलेलं नसतं. ज्या आकड्यांवर तो उभा केलाय, तेच भलत्या मुलाचे असतात.

मी धुळे जिल्ह्यात, पांझरेकाठच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. त्याआधी सहा वर्षं शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा आदिवासींच्या पाड्यावर होते. पुढचं सगळं या दोन ठिकाणी आणि आजूबाजूच्या शाळांत पाहिलेलं आहे.

एकच रकाना सॉर्ट करणं

ही चूक मी सगळ्यात वर ठेवते, कारण हिच्यामुळे मुलांचं थेट नुकसान होतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

एका शाळेतला सहावीचा वर्ग, पट ३४. गणितात कोण मागे आहे ते पाहायला वर्गशिक्षकांनी गणिताचा रकाना निवडला आणि मोठ्याकडून लहानाकडे सॉर्ट केला. अशा वेळी एक्सेल विचारतं, शेजारचे रकानेही सोबत हलवू का, की निवडला तेवढाच हलवू? चौकट इंग्रजीत, माहिती त्याच दिवशी पाठवायची, त्यामुळे न वाचताच दुसरा पर्याय दाबला गेला. नावं होती तिथेच राहिली आणि गुण वरून खाली उतरत्या क्रमाने लागले. फाइल सेव्ह झाली, बंद झाली. खालच्या नऊ नावांची यादी जादा तासाची मुलं म्हणून भिंतीवर लागली.

त्या शाळेत हजेरीपटावर आधी मुलगे, मग मुली. म्हणजे तळाची नऊच्या नऊ नावं मुलींची. हे कोणालाच खटकलं नाही. उलट कारणं लगेच सापडली. मुली कापूस वेचायला जातात, धाकट्या भावंडांना सांभाळतात, पाणी भरतात, मग गणित कच्चं राहणारच. मुलींच्या गणितासाठी वेगळा उपक्रम घ्यायचं ठरलंसुद्धा. यातलं प्रत्येक कारण आपल्या खान्देशात खरं आहे. म्हणूनच चूक इतकी छान लपली.

मी तिथे गेले ते दुसऱ्याच कामाला. दुपारच्या जादा तासाला त्या नऊजणी हातच्याची वजाबाकी शिकत होत्या. मी फळ्यावर एक उदाहरण दिलं, तर एकीने मी खडू खाली ठेवायच्या आत उत्तर सांगितलं. दुसरं दिलं, तेही सांगितलं. मग तू इथे का बसलीस, असं विचारलं तर म्हणाली, "माले ते हाई येस मॅडम. पन यादीमा मन्हं नाव शे." (मला तर हे येतं, पण यादीत माझं नाव आहे.)

तीन आठवडे ती तिथे बसत होती. तिला वाटलं होतं, आपलंच काहीतरी चुकलं असणार. आणि ज्या मुलाला २० पैकी ३ गुण होते, त्याच्या नावासमोर १७ दिसत होते, म्हणून त्याच्याकडे तीन आठवडे कोणी फिरकलं नव्हतं.

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा कपाटात होता म्हणून निभावलं. चौतीसच्या चौतीस गुण पुन्हा टाकले. खरी नऊ नावं निघाली ती सहा मुलगे आणि तीन मुली, आणि त्या तिघींपैकी आधीच्या यादीत एकच होती.

तेव्हापासूनची माझी सवय सांगते. सॉर्ट करण्याआधी तीन मुलांचे गुण कागदावर लिहून ठेवते: पहिल्या नावाचे, शेवटच्या नावाचे आणि मधल्या एकाचे. सॉर्ट झाल्यावर तेच तीन तपासते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. शिवाय आलेल्या फाइलची एक प्रत "मूळ" नावाने बाजूला ठेवते आणि तिला हात लावत नाही. माहिती निवडून कंट्रोल आणि टी दाबलं की एक्सेल तिचं टेबल करतं, मग सॉर्ट केल्यावर पूर्ण ओळ एकत्र हलते. गुगल शीट्समध्ये व्हर्जन हिस्टरीतून मागची फाइल परत मिळते. एक्सेलची फाइल सेव्ह करून बंद केली की कंट्रोल-झेडचा उपयोग संपला.

सॉर्ट बिघडलंय हे ओळखायची खूण सोपी आहे. हजेरी क्रमांक १ पासून ओळीने आहेत आणि गुणही ओळीने उतरत किंवा चढत गेलेत, असं दिसलं की थांबा. खऱ्या वर्गात असं होत नाही.

गैरहजर मुलाला शून्य देणं

ही माझी दुसरी नावडती चूक. रकाना रिकामा दिसू नये म्हणून शून्य टाकलं जातं. काहींना रिकामी चौकट अपूर्ण कामासारखी वाटते, काही पोर्टलच्या भीतीने टाकतात. पण सरासरीचं सूत्र रिकामी चौकट सोडून देतं आणि शून्य मात्र मोजतं.

२४ चा पट धरा. चाचणीला १९ मुलं बसली, २० गुणांच्या पेपरात त्यांचे मिळून २२८ गुण. सरासरी १२. आता पाच गैरहजर मुलांना शून्य द्या. सरासरी ९.५ वर आली. कोणाचंही शिकणं तसूभर कमी झालेलं नाही, तरी अहवालात वर्ग घसरला.

मी चौकटीत "गैरहजर" असा शब्द लिहिते. सरासरी शब्द मोजत नाही, आणि मूल का नव्हतं हा प्रश्न डोळ्यासमोर राहतो. त्याच्या शेजारच्या रकान्यात कारण लिहिते: आजारी, कापूस, ऊसतोड, लग्न. हा रकाना कोणी मागत नाही, पण वर्षअखेरीस मला सगळ्यात जास्त तोच कामी येतो.

पाड्यावर असताना हे मी फार जवळून पाहिलं. दिवाळीच्या आसपास कुटुंबं ऊसतोडीला निघायची, काही गुजरातेत, काही पश्चिम महाराष्ट्रात. मुलं सोबत जायची आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतायची. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला चाचणी देणारी मुलं वेगळी आणि दुसऱ्या सत्रात देणारी वेगळी. दोन्ही सरासऱ्या शेजारी ठेवून "प्रगती झाली" किंवा "अधोगती झाली" म्हणणं म्हणजे दोन वेगळ्या वर्गांची तुलना करणं. नंदुरबारला धडगाव, अक्कलकुवा भागातल्या शिक्षकांना हे सांगायला नको, ते दरवर्षी भोगतात. पण त्यांच्या फाइलवर टिपणी लिहिणाऱ्यांना सांगावं लागतं.

यावर माझा उपाय एकच आहे. "दोन्ही चाचण्या दिल्या का" असा रकाना करते, त्यात हो किंवा नाही लिहिते आणि तुलना फक्त "हो" असलेल्या मुलांची करते. "नाही" असलेल्यांची यादी वेगळी काढते, कारण जादा तासाची खरी गरज बहुतेक त्यांनाच असते, आणि सरासरीत तीच मुलं सगळ्यात आधी हरवतात.

लहान पटाची टक्केवारी

सात मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे १४ टक्क्यांहून जास्त. "निकाल १४ टक्क्यांनी घसरला" या वाक्याचा अर्थ तिथे एवढाच की एका मुलाचा पेपर बिघडला. अशा वर्गासाठी आलेख काढूच नका. सात नावं लिहा आणि प्रत्येकापुढे एक ओळ लिहा.

भराभर सांगते

सरल या राज्याच्या शालेय माहिती पोर्टलवरचा विद्यार्थी आयडी १९ अंकी आहे आणि एक्सेल संख्येतले पहिले १५ अंकच सांभाळतं. पुढचे चार शून्य होतात. मुलामुलांच्या आयडीत फरक असतो तो नेमका शेवटाकडे, त्यामुळे अख्खा वर्ग एकाच आयडीवर येतो आणि आयडीवरून गुण शोधून आणणारं व्हीलूकअपचं सूत्र सगळ्यांपुढे एकाच मुलाचे गुण आणून ठेवतं. आयडी चिकटवण्याआधी तो रकाना टेक्स्ट करा. नंतर केलात तर गेलेले अंक परत येत नाहीत.

१० पैकी ७ हे "७/१०" असं टाइप करू नका. एक्सेल त्याची तारीख करतं, तारीख आतून एक मोठा आकडाच असते, आणि सरासरी ४५ हजारांच्या पुढे जाते. पूर्ण गुण वरच्या ओळीत एकदाच लिहा.

आकडा चौकटीत डावीकडे चिकटलेला असेल, कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसत असेल, तर तो आकडा नसून मजकूर आहे आणि बेरजेत येणार नाही.

नावावरून दोन फायली जुळवू नका. प्रविण आणि प्रवीण, गावित आणि गावीत ही संगणकाला दोन माणसं आहेत. जुन्या फॉन्टमधली नावं तर युनिकोडशी जुळणारच नाहीत.

मथळ्यासाठी चौकटी मर्ज करू नका. सॉर्ट अडतं.

श्रेण्यांची सरासरी काढू नका. ४० ला ड आणि ४१ ला क-२, म्हणजे एका गुणाने मुलाने मोठी झेप घेतल्यासारखी दिसते. श्रेणी प्रगतिपुस्तकासाठी ठेवा, विश्लेषण गुणांवर करा.

तिसरी आणि सातवीचे एकूण गुण एकाच आलेखात टाकू नका. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या २०१० च्या शासन निर्णयानुसार आकारिक (वर्षभर वर्गात होणारं मूल्यमापन) आणि संकलितचा (सत्राअखेरची चाचणी) भार पहिली-दुसरीला ७०:३०, तिसरी-चौथीला ६०:४०, पाचवी-सहावीला ५०:५० आणि सातवी-आठवीला ४०:६० असा ठरला होता. वरच्या वर्गांचे एकूण गुण कमी दिसण्याचं अर्धं कारण बऱ्याचदा इथेच सापडतं.

४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी आणि नववीसाठी परख हे देशपातळीवरचं सर्वेक्षण झालं. ते निवडक शाळांवर आधारलेलं आहे. जिल्ह्याचा तो आकडा आपल्या शाळेच्या सरासरीशेजारी टांगून काही कळत नाही.

नुसत्या एकूण गुणांवर थांबणं

दोन मुलांना २० पैकी १२ आहेत. एकाचे हातच्याच्या वजाबाकीचे सगळे प्रश्न चुकलेत, दुसऱ्याची शाब्दिक उदाहरणं कोरी आहेत. बेरजेत दोघं सारखे, आणि दोघांना एकच स्वाध्याय दिला तर एकाचाही फायदा नाही.

म्हणून मी प्रश्नवार रकाने करते. बरोबर असेल तर १, चूक असेल तर ०, सोडवलाच नसेल तर रिकामं. २४ मुलांचा २० प्रश्नांचा पेपर भरायला मला एक संध्याकाळ लागते. नवे शिक्षक म्हणतात, एवढा वेळ कुठून आणायचा? मी म्हणते, आलेखाचे रंग बदलायला जो वेळ लागतो तो इथे द्या. उभ्या रकान्याची बेरीज केली की वर्गाला कोणता प्रश्न जड गेला ते कळतं, आडव्या ओळीतून मूल कळतं.

आणि शाब्दिक उदाहरणाचा रकाना जवळजवळ रिकामा निघाला तर लगेच "गणित कच्चं" लिहू नका. पाड्यावर माझ्या चौथीच्या वर्गात असंच निघालं होतं. मी तेच उदाहरण गावातल्या एका ताईकडून पावरीत सांगून घेतलं, आणि निम्म्याहून जास्त मुलांनी ते तोंडी सोडवलं. अडचण भागाकारात नव्हती, "प्रत्येकी" या शब्दात होती. घरी पावरी, भिली, मावची किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही तपासणी मी दरवेळी करते, आणि कोणतंही सॉफ्टवेअर ती माझ्यासाठी करून देत नाही.

हल्ली नवा प्रकार सुरू झालाय. अख्खी फाइल एआयच्या चॅटमध्ये टाकायची आणि "विश्लेषण करून द्या" म्हणायचं. सूत्र अडलं तर मीही विचारते. पण शून्य म्हणजे गैरहजर की खरंच शून्य, हे त्याला कोण सांगणार? ते मिळेल त्या आकड्यांवर छान परिच्छेद लिहून देतं, आणि छान परिच्छेद वाचून माणूस तपासायचं थांबतो. त्या नऊ मुलींच्या बाबतीत तेच झालं होतं, तेव्हा तर एआयही नव्हतं. शिवाय त्या फाइलमध्ये मुलांची नावं, आयडी, कधी जात आणि आधारसुद्धा असतं. बाहेर काहीही देण्याआधी ते रकाने काढा, फक्त हजेरी क्रमांक ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप गटावर नावांसकट गुण टाकणंही बंद करा. तळाच्या मुलाचा बाप त्याच गटात असतो, आणि संध्याकाळी घरी काय होतं ते आपल्याला दिसत नाही.

एक शेवटची सवय. फाइल पूर्ण झाली की मी गठ्ठ्यातून डोळे मिटून पाच उत्तरपत्रिका काढते आणि फाइलशी ताडून पाहते. एकही चुकली तर सगळ्या तपासते. आणि पुढची चाचणी होईपर्यंत तो गठ्ठा रद्दीत देत नाही.